तोंड मिटलेले भांडे : तोशिको ताकाएझू यांची मृत्तिकाकला

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागाच्या भट्टीत एक अपघात झाला. तो सर्वस्वी माझ्यामुळे झाला असल्याने लेखाची सुरुवात त्यानेच करणे बरे.

जुलै महिन्यात मी भोपळ्याच्या आकाराचे एक भांडे केले होते. चाकावर त्याचा गळा आवळत आवळत नेला आणि शेवटी तोंड पूर्ण मिटवून टाकले. आकार साधला म्हणून मी खूश होते. पहिल्याच कच्च्या भाजणीत ते भट्टीत फुटले आणि जाताना वर्गमित्रांचे अकरा पेले घेऊन गेले. पहिल्या दिवशी सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळे तुकडे गोळा करून प्रत्येकाची जाडी पट्टीने मोजायला लावली. बुडाचा तुकडा चांगला बोटभर जाड भरला. मग त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढले आणि म्हणाले, "या बाई आयुष्यभर बंद भांडी करीत राहिल्या. त्यांची का फुटली नाहीत ते शोध आणि मला लिहून दे." त्या टिपणाचेच हे वाढवलेले रूप.

कोंडलेल्या हवेमुळे भांडे फुटते असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरा शत्रू पाणी. माती हाताला कोरडी लागली तरी जाड भिंतीच्या पोटात ओल राहते, आणि पावसाळ्यात तर राहतेच. शंभर अंशांना त्या पाण्याची वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. वाफ मातीच्या छिद्रांतून सावकाश निघून गेली तर ठीक, नाहीतर भिंत फोडून निघते. हवेचा प्रश्न त्यानंतरचा. बंद पोकळीतली हवाही तापून फुगते, तिलाही वाट लागते. ही वाट टाचणीएवढी असली तरी पुरते. माझ्या भांड्यात ती नव्हती. ताकाएझूबाईंच्या भांड्यांत असे. माथ्यावर एक छोटेसे बोंड आणि त्यात बारीक छिद्र. छायाचित्रात ते मला आधी शोभेचे वाटले होते.

तोशिको ताकाएझू यांचा जन्म १७ जून १९२२ रोजी हवाई बेटांतील पेपेएकेओ या गावी झाला. आईवडील जपानच्या ओकिनावा भागातून आलेले. अकरा भावंडांत तोशिको सहाव्या. हा सारा परिसर तेव्हा उसाच्या मळ्यांचा होता. हवाई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा येतो, पण तिथे मजूर म्हणून आलेल्या जपानी कुटुंबांचे हवाई वेगळे होते. १९४० मध्ये होनोलुलूत त्या भांडी बनविणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागल्या. साच्यात माती दाबायची, वस्तू काढायची, पुन्हा दाबायची. मातीशी त्यांची पहिली ओळख अशी पोटासाठी झाली, हे मला महत्त्वाचे वाटते. रीतसर शिक्षण पुढे सुरू झाले. १९४८ पासून हवाई विद्यापीठात क्लॉड होरान यांच्याकडे त्या मातीकाम शिकल्या, शिवाय विणकामही शिकल्या. विणकाम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

१९५१ मध्ये त्या मिशिगनमधील क्रॅनब्रूक अकादमीत गेल्या. तिथे माया ग्रोटेल या फिनलंडहून आलेल्या कुंभकार शिकवीत. माझ्या मते या लेखातील दुसरी नायिका ग्रोटेलबाई आहेत. विद्यार्थ्यांनी आपली नक्कल करू नये याबद्दल त्या फार दक्ष असत. उत्तर हातात देत नसत. प्रत्येकाने स्वतःचे काय ते स्वतः हुडकावे, अशी त्यांची रीत होती. होरान यांनी तंत्र दिले आणि ग्रोटेलबाईंनी 'तू कोण?' हा प्रश्न दिला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. १९५४ मध्ये त्या तिथून बाहेर पडल्या. १९५५ मध्ये आई आणि बहिणीसह त्या आठ महिन्यांसाठी जपानला गेल्या. हामादा शोजी यांना भेटल्या, बिझेन येथील कानेशिगे तोयो यांना भेटल्या, काही काळ झेन विहारातही राहिल्या. आईवडिलांचा देश त्यांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी प्रथम पाहिला. तिथून परतल्यावर त्यांच्या कामात जो बदल झाला त्याचे सगळे श्रेय जपानला देण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. बदलाची चिन्हे आधीच्या कामातही दिसतात.

त्यांची सुरुवातीची भांडी दोन-दोन, तीन-तीन तोंडांची आहेत. तोंडे जास्त म्हणजे उपयोग जास्त असे मात्र नाही. अशा भांड्यातून नेमके कुठून ओतायचे हेच कळत नाही. पुढे तोंडे कमी झाली, गळा बारीक झाला आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस भांडे मिटले. 'बंद आकार' म्हणून त्यांचे जे काम प्रसिद्ध आहे ते इथे सुरू होते. बंद झाल्याबरोबर भांड्याचा सगळा बाह्यभाग एकसलग मिळाला. कागदाला चार कडा असतात, याला एकही नाही. त्यावर त्या झिलई ओतीत, कुंचल्याने फटकारे मारीत. भांड्याभोवती स्वतः फिरत हे काम चाले. बसल्या जागी भांडे फिरवून रंगवण्यापेक्षा हे निराळे आहे. झिलई जिथे ओघळेल तिथे ओघळू द्यायची, पण कुठून ओतायची ते आपण ठरवायचे.

आणि आतला भाग? तो कोणालाच दिसत नाही. बाईंच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा, आतला अंधार आणि आतली हवा. हे वाचताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले, कारण असली वाक्ये आपल्याकडे फार स्वस्त झाली आहेत. पण पुढची हकीकत वाचली आणि माझा विरोध मावळला. एकदा भांडे मिटवताना मातीचा एक कण चुकून आत पडला. भाजून झाल्यावर भांडे हलवले तर ते वाजले. तेव्हापासून त्या मुद्दाम मातीची गोळी आत टाकू लागल्या. ओली गोळी आत चिकटू नये म्हणून ती कागदात गुंडाळायची. कागद भट्टीत जळून जातो आणि गोळी मोकळी राहते. म्हणजे न दिसणाऱ्या पोकळीचा पुरावा त्यांनी कानाला दिला.

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. खुळखुळा आपण सर्वांनी वाजवला आहे. जत्रेतला मातीचा गल्ला हेही एका फटीपुरते उघडे असलेले बंद भांडेच, आणि त्यात काय आहे हे आपण हलवूनच ओळखतो. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तर मातीच्या झाकणबंद पात्रात ठेवलेली शिरविरहित स्त्रीमूर्ती सापडली. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ती पाहण्यासाठी नव्हे, आत असावी म्हणून ठेवली होती. ताकाएझूबाईंना यातले काही माहीत असण्याचा संभव नाही आणि तसा संबंध जोडण्याचा माझा हेतूही नाही. एवढेच म्हणायचे आहे की बंद भांडे ही अमेरिकेतील आधुनिक लहर आहे असे समजून आपण त्याच्याकडे परक्यासारखे पाहू नये.

निसर्गाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. 'निसर्गापासून प्रेरणा' हे शब्द आपल्या प्रदर्शनांच्या पत्रिकांत इतके येतात की त्यांचा अर्थ पानफुलांची नक्षी एवढाच उरला आहे. ताकाएझूबाईंच्या भांड्यावर एकही पान नाही. त्यांचा निसर्ग कसा होता ते एका कामावरून दिसते. १९५९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवाईतील किलाउएआ इकी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. लाव्ह्याचे कारंजे पाचशे मीटरहून उंच उडाले आणि वाऱ्याच्या दिशेला ओहिया झाडांचे रान राखुंड्यांच्या थराखाली गेले. पाने गेली, साली गेल्या. काळ्या जमिनीवर पांढरे पडलेले बुंधे तेवढे उभे राहिले. हवाईत जन्मलेल्या बाईंनी तो प्रदेश पुढे पाहिला आणि उंच, सडपातळ, तोंड मिटलेले मातीचे बुंधे करायला घेतले. १९८२ ते १९८७ या काळातील त्यांचा वृक्षसमूह त्या उद्ध्वस्त रानाला वाहिलेला आहे.

इथे थोडे थांबावेसे वाटते. त्या रानाला अग्नीने जाळले आणि बाईंनी त्याचे बुंधे अग्नीतूनच काढले. भट्टीतला स्टोनवेअरचा बाराशे-साडेबाराशे अंशांचा ताव आणि लाव्ह्याचे तापमान यांत फार अंतर नाही. तेव्हा हे झाडाचे चित्र नव्हे. झाडावर जे गुदरले तेच मातीवर गुदरले आहे. त्यांचे 'चंद्र'ही असेच. मोठे गोल करताना दोन अर्धे जोडावे लागतात आणि ओला गोल जमिनीवर ठेवला तर खालून चपटतो. म्हणून त्या ते जाळीच्या झोळीत टांगून वाळवीत. पुढे झोळीतले गोल त्यांना इतके आवडले की प्रदर्शनातही ते झोळीतच मांडले. सोयीतून कल्पना निघाली. आमच्याकडे बहुधा कल्पना आधी निघते आणि सोय कधीच होत नाही.

आता शिकवण्याविषयी, कारण खरे तर मला हाच प्रश्न पडला आहे. पदविका झाली की मी शाळेत कलाशिक्षिका व्हावे असे घरी ठरल्यात जमा आहे. "एकदा मास्तरकी धरली की हात जातो," असे आमचे एक ज्येष्ठ स्नेही मला दर भेटीत ऐकवतात. ताकाएझूबाई जपानहून आल्यावर सुमारे दहा वर्षे क्लीव्हलंडच्या कलासंस्थेत शिकवीत होत्या. १९६७ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, त्या प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवीत होत्या. तिथले बहुतेक विद्यार्थी पुढे कुंभार होणारे नव्हते. कोणी इतिहासाचे, कोणी विज्ञानाचे. वर उल्लेखिलेले सारे काम या नोकरीच्या वर्षांतच झाले आहे. न्यू जर्सीतील क्वेकरटाउन येथे त्यांचे घर, भट्टी आणि बाग होती. उमेदवार विद्यार्थी तिथे येऊन राहत. त्यांना माती मळावी लागे, तशीच बागही खणावी लागे आणि स्वयंपाकालाही हात लावावा लागे. भांडी करणे, रांधणे आणि भाज्या पिकवणे यांत आपल्याला फरक दिसत नाही, असे त्या सांगत. आमच्या आजीला हे वाक्य वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "यात काय मोठंसं? आम्ही भांडी घासतो, ते मात्र कोणी छापत नाही."

आजीचा मुद्दा मी टाळणार नाही. बाईंना विद्यापीठाचा पगार होता, दीर्घ सुट्ट्या होत्या, स्वतःची भट्टी होती आणि लग्न-संसाराचा व्याप नव्हता. आपल्याकडच्या शाळेत साठ मुलांचा वर्ग, आठवड्याला दोन तास आणि भट्टीच्या नावाने शून्य. तेव्हा त्यांचे चरित्र जसेच्या तसे उचलता येणार नाही. तरी 'हात जातो' हे विधान त्यांच्या उदाहरणाने तपासावे लागते. शिकवण्याने हात जात असता तर पंचवीस वर्षांत तो पार गेला असता. प्रत्यक्षात निवृत्तीनंतर, १९९९-२००० मध्ये, सत्तरी उलटलेल्या या बाईंनी माणसाच्या उंचीची चौदा भांडी केली, ताऱ्यांवरची मालिका. त्यांनी कांस्याच्या घंटाही ओतवून घेतल्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात प्रिन्स्टनचे तेरा माजी विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मृत्यर्थ २००३ मध्ये विद्यापीठाच्या आवारात जी घंटा बसवली ती ताकाएझूबाईंचीच. ९ मार्च २०११ रोजी होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले.

मी त्यांचे एकही भांडे प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पाहिली ती छायाचित्रे, आणि छायाचित्र वाजत नाही. सरांना टिपण दिले तेव्हा त्यांनी ते वाचून खाली एवढेच लिहिले, "जाडी?" मग मी दुसरे भांडे केले. भिंत सगळीकडे सारखी, करंगळीच्या निम्म्याने जाड. माथ्यावर टाचणीने छिद्र पाडले. मिटवण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेली सुपारीएवढी गोळी आत टाकली. ते आता पाच आठवडे विभागातल्या फळीवर वाळते आहे. ज्यांचे अकरा पेले गेले, त्या मंडळींनी आपली कामे या खेपेस माझ्या भांड्याबरोबर भट्टीत लावायला साफ नकार दिला आहे, आणि सरांनी तो मान्य केला आहे. सोमवारी ते एकटेच लागेल.