खाडीतील अन्नसाखळी

रत्नागिरीजवळ काजळी नदी भाट्याच्या खाडीने समुद्रास मिळते. तेथील कांदळवनातील चिप्पी, तिवर इत्यादी वृक्ष सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करितात. गळलेली पाने चिखलात कुजतात. त्यांवर खेकडे व कोळंबी, कोळंबीवर मासे आणि माशांवर बगळे पोसतात. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. स्थूलमानाने दहावा हिस्साच पुढे पोहोचतो. कुजण्यातून क्षार मातीत परततात, ऊर्जा मात्र परतत नाही. ती सूर्याकडून नित्य यावी लागते. म्हणून कांदळ तुटले की पहिली पायरीच ढासळते व कोळ्याच्या जाळ्यातील मासळी घटते. शिक्षकांनी मुलांस ओहोटीच्या वेळी खाडीकाठी नेऊन निरीक्षण करवावे व वर्गात ही साखळी त्यांच्याकडूनच फळ्यावर काढून घ्यावी.