पेजमेकर सोडण्याआधी

चि. सौरभ यास,


दादाचा फोन येऊन गेला. “पोरगं प्रेस सोडून कॉम्प्युटरमध्ये जातो म्हणतंय, तूच बघ आता,” असं वैतागून सांगत होता. सकाळी नऊपासून मॅटर संपेपर्यंत तू कॉम्प्युटरपुढेच बसलेला असतोस, पण त्याच्या लेखी ते कॉम्प्युटरमध्ये असणं नव्हे. त्याचं एक वेळ सोड. तूसुद्धा मेसेजमध्ये तेच लिहिलं आहेस, की प्रेसमधली सगळी वर्षं वाया गेली. मला खरं तर त्यावरच बोलायचं आहे. बाकीचे प्रश्न आधी उरकून टाकते.

बी.ए. झालेल्याला सॉफ्टवेअर कंपन्या घेतात का? घेतात, पण पायघड्या घालून नाही. मोठ्या कंपन्यांची कॅम्पस भरती मुख्यतः इंजिनिअरिंग कॉलेजांतून होते, काही ठिकाणी बी.एस्सी., बीसीएवाल्यांनाही घेतात. ते दार तुझ्यासाठी नाही, तेव्हा तिथे डोकं आपटू नकोस. लहान कंपन्या राहतात. तिथे पदवीपेक्षा ‘काय करून दाखवलंस’ हे जास्त विचारतात. मी स्वतः इतिहासाची एम.ए., ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि टेस्टिंगच्या बाजूने या धंद्यात शिरले, हे तुला ठाऊकच आहे. वयाचं म्हणशील तर सत्तावीस म्हणजे काहीच नाही. टीम लीड तुझ्याहून चार वर्षांनी लहान असेल आणि सगळ्यांसमोर तुझ्या चुका काढेल, एवढं पचवायची तयारी ठेव.

आणि तू विचारलेला तो क्लास. शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देणाऱ्या कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. हमीचा कागद वाचलास तर तिथे ‘साहाय्य’ असा शब्द सापडेल. असल्या क्लासांच्या शेवटी पुष्कळदा एक जण बाजूला घेऊन विचारतो, “दोन वर्षांचा एक्स्पिरियन्स लावून देऊ का?” तिथून सरळ उठून यायचं. खोट्या कंपनीचं पत्र, खोट्या सॅलरी स्लिपा हे सगळं बाजारात मिळतं. पण कंपन्या पडताळणी करतात. यूएएन नंबरावरून पीएफ कुठल्या कंपनीने कधी भरला ते दिसतं, आणि खोटं निघालं तर रुजू झालेल्या माणसालाही घरी पाठवतात. मी मुलाखती घेते, म्हणून सांगते. खोट्या अनुभवाचा उमेदवार पाचव्या मिनिटाला कळतो. “तुमच्या प्रोजेक्टमध्ये सर्वांत जास्त कशाने छळलं?” असं विचारलं की तो पाठ केलेलं उत्तर देतो. खरं काम केलेला माणूस कपाळाला हात लावतो आणि मग थांबतच नाही.

आता तुझ्या वाया गेलेल्या वर्षांकडे येऊ.

गणपतीत आले होते तेव्हा तू एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालावरून चिडला होतास. छापील अहवाल झाला, बिल झालं, आणि मग सेक्रेटरींना तोच मजकूर वेबसाइटसाठी ‘युनिकोडमध्ये’ हवा झाला. इंटरनेटवरच्या फुकटच्या कन्व्हर्टरमध्ये टाकलास तर निम्म्या वेलांट्या भलत्याच ठिकाणी. शेवटी दोन रात्री बसून हाताने दुरुस्त्या केल्यास. तू त्याला कटकट म्हणालास. मी त्याला सॉफ्टवेअरचा प्रश्न म्हणते, तोही चांगला पोटभर.

हे असं का होतं ते तुझ्या हातांना माहीत आहे, फक्त कुणी नाव घेऊन सांगितलेलं नाही. प्रेसमधले जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले मराठी अक्षरांचे तुकडे. फॉन्ट बदलला की त्याच मजकुराचा इंग्रजी चिवडा होतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण तू ज्यात पानं लावतोस त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती, २००१ची, तिला युनिकोड कळतच नाही. आणि प्रेसवाल्यांनी पेजमेकर सोडला नाही, कारण मशिनवर फॉर्म चढायचा असतो तेव्हा प्रमाण वगैरे कुणाला सुचत नाही. त्यामुळे महाराष्ट्रभरच्या छापखान्यांत किती अहवाल, किती दिवाळी अंक, किती गावांचे इतिहास अशा फाइलींत पडून आहेत, जे गूगलला सापडत नाहीत आणि फॉन्ट नसला तर माणसालाही वाचता येत नाहीत.

‘किर्लोस्करवाडी’ हा शब्द घे. टाइपरायटरच्या कीबोर्डावर तू आधी वेलांटी मारतोस, मग क. पुढे ल, त्याचा काना-मात्रा, आणि रफार त्याच्यावर सगळ्यांत शेवटी. डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतो, म्हणजे क, मग वेलांटी, मग र् आणि त्यानंतर ल आणि त्याची मात्रा. तेव्हा कन्व्हर्टरने नुसता चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही. त्याला वेलांटी पुढे सरकवावी लागते आणि रफार मात्रा ओलांडून मागे आणावा लागतो. तू म्हणशील, सोपं आहे, वेलांटी दिसली की पुढच्या अक्षरानंतर ठेवायची. करून बघ. ‘किती’ बरोबर येईल आणि ‘स्थिती’ फसेल. वेलांटी अर्ध्या स् ला जाऊन चिकटेल आणि पडद्यावर ते ठिपक्यांचं गोल उमटेल, जे तू त्या रात्री शेकडो वेळा खोडलंस. म्हणजे नियम असा हवा, की पुढचं अक्षर अर्धं आहे तोवर पुढे जात राहायचं आणि पूर्ण अक्षर भेटलं की त्याच्यामागे वेलांटी ठेवायची. हे तुला मराठीत समजलं ना? मग तुला लूप समजला. पायथनमध्ये लिहायला सहा-सात ओळी लागतील, आणि त्या लिहिताना तू जे शिकशील ते ‘एक ते शंभरमधल्या मूळ संख्या छापा’ असल्या गणितातून शिकणार नाहीस.

त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. पुष्कळ ठिकाणी रूपांतर केलेल्या मजकुरात ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ झालेलं असतं. हिंदीला आपला हा आडवा र लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या प्रोग्रॅमला तो आठवतही नाही. आमच्याकडच्या हुशारातल्या हुशार मुलाला मी ते आउटपुट दाखवलं तर तो ‘बरोबर आहे’ म्हणेल. तू चालत्या गाडीतून पाटीवरची ही चूक पकडतोस. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक ज्याला जेवायच्या पंगतीत कळतो, त्यालाच हा बग दिसतो, आणि जो बग दिसत नाही तो कुणी दुरुस्तही करत नाही.

विंडोजमध्ये ‘मंगल’ नावाचा देवनागरी फॉन्ट येतो, तो र. कृ. जोशींनी केला. हा माणूस कवी, सुलेखनकार, उमेदीची वर्षं जाहिरात क्षेत्रात काढलेला, पुढे आयआयटी मुंबईत शिकवणारा. कोडिंग करणाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती. अक्षर कुठे मोडतं आणि कुठे जोडतं ते बघणारा डोळा हवा होता. तुला त्यांच्या पंगतीला बसवत नाही, उगीच फुगू नकोस. पण तुझा पहिला प्रोजेक्ट बाहेर शोधू नकोस एवढंच म्हणणं. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या अर्जात एक टू-डू लिस्ट आणि एक हवामान दाखवणारं ॲप असतं, तेही एकाच व्हिडिओवरून उतरवलेलं. एखाद्याने लिहिलं असतं, ‘अमुक फॉन्टमधल्या अहवालांचं युनिकोड रूपांतर, रफार आणि आडव्या र च्या चाचण्यांसह’, तर मी खुर्ची पुढे ओढून वाचलं असतं.

शिकायचं कुठून, तर पैसे न देता पुष्कळ शिकता येतं. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स ऑनलाइन फुकट आहे, त्याची पायथनची वेगळी आवृत्तीही आहे. फ्रीकोडकॅम्प २०१४ साली ज्याने सुरू केलं तो क्विन्सी लार्सन त्याआधी शिक्षक होता, शाळाही चालवत होता. त्यामुळे तिथले धडे नवख्यांची अडचण ओळखून केलेले वाटतात. इंग्रजीची भीती वाटेल. पहिला महिनाभर डिक्शनरी जवळ ठेव. तांत्रिक इंग्रजीत तेच दोनेकशे शब्द फिरून फिरून येतात. पदवी हवीच वाटली तर एमसीएच्या मागे लागण्याआधी पात्रता वाच, काही ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित लागतं आणि तुझं दहावीनंतर सुटलं. आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. आहे, २०२० साली जाहीर झालेली. तिला कुठल्याही शाखेची बारावी आणि दहावीला गणित-इंग्रजी एवढं पुरतं. आधी चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. पण ती सोपी आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. गणित पुन्हा पाटी-पेन्सिलीपासून करावं लागेल.

आता एआय. तू विचारलं नाहीस, पण दादाने विचारलं, “आता मशिनच कोड लिहितंय म्हणे, मग याला कोण ठेवणार?” दादाचा प्रश्न तुझ्या तिन्ही प्रश्नांपेक्षा शहाणा आहे. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, त्यानंतर नवख्यांना दिली जाणारी साधी कामं खरोखरच आटत चालली आहेत, हे मी रोज बघते. मोठ्या कंपन्यांत नवख्यांचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास कित्येक वर्षं खिळून राहिलाय तो वेगळाच. तेव्हा ‘कोड लिहिता येतो’ एवढ्या भांडवलावर येणार असशील तर येऊ नकोस. मशीन लिहितं, झरझर लिहितं आणि चुकलं तरी त्याच ठसक्यात लिहितं. त्याचं प्रूफ वाचणारा लागतो. लेखकाने आत्मविश्वासाने लिहिलेलं वाक्य बिनधास्त अडवायचं, मूळ प्रत काढायची, ताडून बघायची, हे तू रोज करतोस. ती सवय मोडू नकोस. सुरुवातीचे काही महिने मात्र मशीनकडून कोड लिहून घ्यायचा नाही. ज्याने स्वतः एकदाही कंपोज केलं नाही त्याला प्रूफ वाचता येत नाही.

राजीनाम्याचं बोलू नकोस इतक्यात. तुझ्या पगारावर घराचा हप्ता आहे आणि वहिनीच्या औषधांचा खर्च आहे, हे मला सांगायला नको. दिवाळी अंकांच्या दिवसांत तुला झोपायलाही मिळत नाही, तेव्हा त्या दोन महिन्यांत शिकणं होणार नाही, ते आताच मान्य करून टाक. उरलेल्या वर्षात रोज पहाटे दीड तास. वर्ष, दीड वर्ष लागेल. तुझ्याबरोबर सुरू केलेला कुणी सहा महिन्यांत नोकरीला लागला तर लागू दे. त्याचं बारावीचं गणित पक्कं असेल किंवा मामा कंपनीत असेल. आणि वर्षभराने तुला वाटलं, की आपल्याला यात गोडी नाही, तर तसं सांगायचं. तो कन्व्हर्टर मालकांना वापरायला दे, तुझ्या रात्री वाचतील, कदाचित पगारही वाढेल. जिल्ह्यातल्या बाकीच्या प्रेसना विकलास तर प्रेसमध्ये बसूनच तुझा सॉफ्टवेअरचा धंदा झाला.

आज एक कर. आधीच छापून वाटून झालेला एखादा अहवाल घे, चार पानं पुरेत, सभासदांची नावं आणि खात्यांचे आकडे काढून टाक. वेलांटीचा लूप जसा जमेल तसा लिही आणि तो मजकूर त्यातून काढ. मूळ फाइल, आउटपुट आणि त्यावर तू लाल पेनने काढलेल्या चुकांचा फोटो, तिन्ही मला पाठव. फॉन्टचं नाव कळव, मी इकडे बसवून ठेवते. रविवारी दुपारी फोन कर, सकाळी मी भाजीला जाते.

तुझी,
आत्या