पावसानंतर ब्रेकची खरखर

प्रश्न : गाडी दोन दिवस पावसात उभी होती. आता ब्रेक दाबला की पुढून खरखर येते. घरी काही करता येईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ओल्या डिस्कवर रात्रीत गंज चढतो; चार-सहा वेळा ब्रेक लागला की आवाज जातो. नाही गेला तर सपाट जागी, मागच्या चाकांना विटा लावून पुढचं चाक काढा. नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावाच. पॅडचा थर ३ मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर दोन्ही चाकांचे पॅड बदला. डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये रस्त्यावरची खडी अडकलेली नाही ना, तेही पाहा. पुष्कळदा तेवढंच निघतं. डिस्कवर नख अडकेल अशी चर पडली असेल तर मात्र ती गाडी घेऊन गायमुख घाट उतरू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.