संगणकाची भाषा आणि स्वयंसेवकांच्या चाचण्या

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भाषेवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या भाषेविषयी मी लिहीत आहे, तिचे जनक लॅरी वॉल हे स्वतः भाषाशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी 1987 साली 'पर्ल' ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा तयार केली आणि सर्वांसाठी खुली ठेवली. अशा भाषेची घडण कोणालाही वाचता येते, सुधारता येते. त्यासाठी दाम मोजावे लागत नाहीत.

2000 साली पर्लच्या सहाव्या आवृत्तीचा संकल्प जाहीर झाला. काम मात्र रेंगाळले. 2005 साली तैवानच्या ऑड्री टँग यांनी तिच्यासाठी 'पग्ज' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि मागेल त्याला त्यात लिहिण्याचा अधिकार दिला. पग्ज 'हॅस्केल' या अवघड भाषेत लिहिलेला होता. ती न येणाऱ्यांनाही करता येण्याजोगे एक काम होते. ते म्हणजे चाचण्या लिहिणे.

चाचणी म्हणजे एक छोटा दावा. 2 आणि 3 यांची बेरीज 5 आली पाहिजे, असे लिहायचे. तसे झाले तर संगणक 'ओके' म्हणतो, नाही तर 'नॉट ओके'. एकूण किती चाचण्या आहेत हा आकडाही सांगून ठेवता येतो. त्यामुळे प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर उणीव लपत नाही. जे अजून तयारच झालेले नाही त्याच्याही चाचण्या स्वयंसेवकांनी लिहिल्या आणि त्यांवर 'करायचे आहे' अशी खूण केली. पग्ज पुढे मागे पडला, पण चाचण्या टिकल्या. जी प्रणाली या अधिकृत चाचण्या उत्तीर्ण होईल तिलाच पर्ल 6 म्हणावे, असे ठरले. डिसेंबर 2015 मध्ये त्या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती निघाली आणि 2019 साली तिचे नाव 'राकू' झाले.

हे वाचताना मला माझी आई आठवली. ती शाळेत गेलेली नाही. पण कोणी 'तो भाकरी' म्हणाले, तर ती लगेच 'ती भाकरी' अशी दुरुस्ती करते. नियम विचारला तर तिला सांगता येणार नाही. चूक मात्र तिच्या कानातून सुटत नाही. चाचणी लिहिणाऱ्याला नेमके हेच लागते.

मग मीही एक प्रयोग केला. आपल्या दृष्टीने 'की' हे एक अक्षर. संगणकाच्या साठवणीत मात्र 'क' आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे. राकूने अक्षरे मोजावीत आणि उत्तर 1 यावे, अशी चाचणी मी लिहिली. 'ओके' आले. उत्साहाने 'क्ष' घेतला. उत्तर 2 आले, म्हणजे 'नॉट ओके'. चूक माझीच असणार, असे मी धरून चाललो. नंतर वाचनात आले की, जगातील लिप्यांची जी सामायिक नियमावली आहे त्या 'युनिकोड'मध्ये पूर्वी 'क्ष'चे दोन तुकडे पडत. 2023 च्या 15.1 या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. मी वापरलेली आवृत्ती जुन्या नियमाने मोजत होती. म्हणजे माझी अपेक्षा वेडगळ नव्हती. नियमच उशिरा तिथवर पोहोचला होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गात 'कळले का?' असे विचारले गेले की मी मान डोलावतो, कारण न कळणे हा माझाच उणेपणा आहे असे वाटते. या स्वयंसेवकांकडे पाहून मात्र वाटू लागले की, 'येथे अडते' असे नेमकेपणाने सांगणे हेही बांधकामच आहे. ज्याला भिंत बांधता येत नाही त्यालाही ओळंबा धरता येतो, आणि ओळंब्यावाचून भिंत सरळ उभी राहत नाही.

पुढच्या वर्षी 'कळले का?' हा प्रश्न आला, तर जे कळले नाही ते निदान एका वाक्यात उभे राहून सांगायचे, असे मी ठरवले आहे.

(द्वितीय वर्ष, कला)