भाच्याची गाडी

माझा भाचा मुंब्र्यात राहतो. दिवसा तो ठाण्यातील एका दुकानात काम करतो आणि संध्याकाळी घरोघरी जेवण पोहोचवतो. मित्राची जुनी स्कूटर तो वापरत असे. पेट्रोललाच रोज शंभराहून जास्त रुपये जात. आपाची भिशी लागली तेव्हा विजेची गाडी घ्यायचे ठरले. खरे तर ते पैसे धाकटीच्या कॉलेजच्या फीसाठी होते.

आम्ही दुकानात गेलो. "मामू, ही बघा! एकदा चार्ज केली की शंभर किलोमीटर!" भाचा म्हणाला.

मी बॅटरीवरचे आकडे वाचले. 60 व्होल्ट, 30 अँपिअर-तास. मुलांनो, या दोन आकड्यांचा गुणाकार करा. उत्तर येते 1800 वॅट-तास, म्हणजे 1.8 युनिट वीज. मागे जेवणाची पेटी, वाटेत चढ, घडीघडी थांबणे. अशा कामात एका किलोमीटरला तीसेक वॅट-तास सहज लागतात. म्हणजे गाडी साठ किलोमीटर चालणार, शंभर नव्हे!

"तू रोज किती फिरतोस?" मी विचारले. त्याला सांगता येईना. मग आठवडाभर त्याने वहीत नोंद ठेवली. ठाण्याला जाणे-येणे वीस किलोमीटर, संध्याकाळचे पस्तीस. हिशेब अगदी काठावर आला. शिवाय बॅटरी जुनी होते तशी तिची ताकद घटते. भाच्याने दुकानाच्या मालकाला विचारले. दुपारी दोन तास चार्जिंग करायला ते तयार झाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तिथे एक स्वस्त गाडीही होती. तिची मोटर 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. अशा गाडीला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. विक्रेता हळूच म्हणाला, "वेग वाढवून देतो, साहेब." मी साफ नकार दिला. वेग वाढवला की ती मोटारगाडी ठरते. मग पकडले गेल्यास दंड, आणि अपघात झाला तर विमाही नाही. वेग न वाढवता ती घ्यावी, तर हमरस्त्यावर मागून ट्रक येतात. भाच्याकडे परवाना होता. आम्ही नोंदणीची गाडी घेतली.

बॅटरी काढता येणारी निवडली, कारण घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त होती, पण ती उचलून रोज जिने कोण चढणार? लिथियमची निम्म्याहून हलकी होती.

आपा मात्र घाबरली. 2022 च्या उन्हाळ्यात विजेच्या काही गाड्यांना आगी लागल्या होत्या, ते तिने ऐकले होते. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, हे मी तिला सांगितले. तरी बॅटरीची जागा तिनेच ठरवली. दारापासून दूर, खिडकीखाली, उघड्या फरशीवर. रात्री सगळे झोपलेले असताना चार्जिंग बंद. पहाटे पाचला उठून आपा प्लग लावते, आणि स्वयंपाक करताना अधूनमधून बॅटरीला हात लावून पाहते.