पानाचा ठसा व औषधनिधी

धरमतर खाडीच्या मुखाशी, करंजाच्या समोर, रेवस बंदर आहे. ओहोटी लागली म्हणजे तेथील तिवरांची श्वासमुळे चिखलातून वर डोकावतात. चित्रकलेच्या वर्गास घेऊन आम्ही तेथे गेलो, ते पानांचे ठसे घेण्याकरिता. ठशांची भेटकार्डे विकून एका रुग्णालयाच्या औषधनिधीस साहाय्य करावे, असा बेत होता.

कृती सोपी, कसब आहे ते पान निवडण्यात. तिवराचे पान अंगातील मीठ बाहेर टाकते, म्हणून ते गोड्या पाण्याने धुऊन पुसावे लागते. एवढे करूनही त्याच्या जाडपणामुळे शिरा नीट उमटत नाहीत. किनाऱ्यावरील भेंडीच्या झाडाचे हृदयाकृती पान (भाजीची भेंडी नव्हे!) मात्र सुरेख छापले जाते. पानाच्या पाठीवर शाईचा पातळ हात द्यावा, वर कागद ठेवावा आणि बोटांनी हलकेच दाबीत जावे. शाई अधिक झाली की पानाऐवजी डाग उमटतो. आमची पहिली वीस-पंचवीस कार्डे अशीच वाया गेली.

एवढ्याशा चित्राने काय होणार, अशी शंका एका विद्यार्थ्याने काढली. १९०४ साली डेन्मार्कमधील आयनार होल्बोल या टपाल कारकुनाने क्षयरोग्यांसाठी नाताळची तिकिटे विकण्याची कल्पना काढली. पुढे १९०७ साली अमेरिकेतील डेलावेअर येथे क्षयरोग्यांचे एक लहानसे आरोग्यधाम तीनशे डॉलरांवाचून बंद पडू लागले, तेव्हा एमिली बिसेल यांनी होली झुडपाच्या पानांचा अर्धा हार स्वतः रेखाटून त्याची तिकिटे छापविली. एका तिकिटास एक सेंट. जमले सुमारे तीन हजार डॉलर! आपल्या देशातही १९५० पासून क्षयनिवारणाची तिकिटे विकली जाऊ लागली.

यानंतर वर्गात वाद झाला तो निराळाच. खाटेवरील दीनवाण्या रुग्णाचे चित्र काढले तर कार्डे अधिक खपतील, असे काहींचे म्हणणे. खपली असती, हे आम्हांस नाकारता येत नाही. परंतु आपली दैन्यावस्था घरोघर फिरावी, असे खाटेवरील त्या माणसास वाटेल काय? वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली आरंभिलेल्या आनंदवनात तेथील रहिवाशांनी बनविलेली भेटकार्डे विकली जातात. ती सुंदर असतात म्हणून घ्यावीशी वाटतात. घेणारा उपकार करीत नाही व देणारा हात पसरीत नाही. अखेर आम्ही पानेच छापली.

प्रत्येक कार्डाच्या पाठीवर हिशेब लिहिला: किंमत १० रुपये, कागद-शाई ३ रुपये, औषधनिधीस ७ रुपये. मुलांना हा खटाटोप अनावश्यक वाटला. विक्रीसाठी पुन्हा रेवसलाच गेलो. तेथे करंजाच्या तरीची वाट पाहणाऱ्या एका बाईंनी कार्ड हाती घेतले, उलटे करून हिशेब वाचला, रुग्णालय कोणते ते विचारले आणि मगच पान पाहिले. भेंडीच्या पानाची दोन कार्डे त्यांनी घेतली.