केरीचे काजूगर आणि नोंदणीचे कागद

चि. भाचीस,


नोंदणी केली की धंदा वाढतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. गरिबाकडे मालमत्ता असते, पण कागद नसल्यामुळे तिचे भांडवल होत नाही, असे पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांनी मांडले आणि अनेक देशांनी ते उचलून धरले. पुढे प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा चित्र इतके सरळ निघाले नाही. श्रीलंकेत छोट्या धंदेवाल्यांना माहिती दिली, नोंदणीचा खर्चही भरून देऊ केला, तरी फारसे कोणी हलले नाही. दोन महिन्यांच्या नफ्याएवढी रक्कम देऊ केल्यावर मात्र जवळजवळ निम्मे पुढे आले. त्यांचा नफा सरासरीने वाढला खरा, पण ती वाढ मोजक्याच धंद्यांची होती. मलावीत नुसत्या प्रमाणपत्राने काही घडले नाही; त्याला बँक खात्याची जोड मिळाली तेव्हा विक्री आणि नफा दोन्ही वर गेले.

गोव्यातल्या केरीत बागायतदारांकडून काजूची बी घेऊन घरी गर काढणाऱ्या, भाजणाऱ्या आणि पाकिटे विकणाऱ्या घरालाही हाच हिशेब लागू पडतो. खाण्याचा जिन्नस असल्यामुळे अन्न सुरक्षेची नोंद टाळता येत नाही. छोट्या उत्पादकाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी २०२० पासून आधार क्रमांकावर होते आणि ती फुकट आहे. तिचा फायदा दोन ठिकाणी दिसतो. पहिला बँकेत, कारण मुद्रा योजनेसारखे बिनतारण कर्ज मागताना धंद्याला ओळख असते. दुसऱ्या फायद्याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. किनाऱ्यावरची हॉटेले माल उचलतात आणि पैसे हंगाम संपल्यावर देतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. अर्थात, नेहमीच्या गिऱ्हाइकावर हा कायदा उगारायला छाती लागते. पण हातात पक्के बिल असले की तगादा लावताना शब्दाला वजन येते.

जीएसटीचे प्रकरण वेगळे. मालाच्या विक्रीला गोव्यात वर्षाला ४० लाखांपर्यंत सूट आहे, त्यामुळे हरमल-मोरजीला पाकिटे पुरवणाऱ्या घराला घाई करण्याचे कारण नाही. केरीची अडचण तिच्या जागेत आहे. फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोल, ते गोव्याचेच. त्याला लागून रेडी, ते मात्र महाराष्ट्राचे. महाराष्ट्रातल्याच शिरोड्याच्या दुकानदाराला विकलेले पहिले खोकेही आंतरराज्य व्यापारात मोजले जाते आणि तिथे ४० लाखांची सूट चालत नाही. नोंदणी पहिल्या रुपयापासून सक्तीची. कर ठोक भरण्याची सोपी 'कंपोझिशन' योजनाही राज्याबाहेर माल पाठवणाऱ्याला मिळत नाही. पणजीपेक्षा शिरोडे कितीतरी जवळ असूनही कायद्याच्या नकाशावर ते दूर पडते.

शिवाय एकदा क्रमांक घेतला की पावसाळ्यात विक्री शून्य असली तरी विवरण भरावेच लागते. शून्याचे विवरण चुकले तरी दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. हिशेबनिसाचे पैसे वेगळे. चार महिन्यांच्या हंगामावर बारा महिन्यांचा खर्च बसतो, म्हणून सीमेपलीकडे नेमाने माल उचलणारा घाऊक गिऱ्हाईक ठरेपर्यंत हा क्रमांक परवडत नाही.

कागद धंद्याला कोणत्या रकान्यात बसवतो, हेही पाहावे लागते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा मान दिला. परवाने, अबकारी, सगळे होतेच. तरीही कायद्यात ती 'देशी दारू' म्हणून नोंदलेली असल्यामुळे परराज्यातल्या बाजाराचे दार तिच्यासाठी वर्षानुवर्षे बंद राहिले.

गर भाजणाऱ्या घरासाठी क्रम असा: अन्न सुरक्षेची नोंद आणि धंद्याचे वेगळे बँक खाते पहिल्याच हंगामात, 'उद्यम' त्याच सुमारास, म्हणजे हॉटेलांना उधारीवर माल जाण्याआधी, पंचायतीचा ना-हरकत दाखला भाजणीची शेड बांधायच्या आधी, नंतर नव्हे, आणि जीएसटी रेडी-शिरोड्याची मागणी लेखी हातात आल्यावर, पण पहिले खोके फेरीबोटीत चढण्यापूर्वी.

— मामा